भिंतीआडचा दूरध्वनी : वाय-फायवरून संभाषण कसे होते?

भिलाई हे नाव उच्चारताच पोलादाची आठवण होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर कामगारांची उपनगरे वसली आणि पुढे त्यांच्या आसपास आणखी वस्त्या उभ्या राहिल्या. हुडको ही त्यांपैकीच एक वसाहत होय. गृहनिर्माणास अर्थसाह्य करणारे जे केंद्रीय महामंडळ १९७० मध्ये स्थापन झाले, त्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांचा हा शब्द बनला आहे.

या भागाचा आणि मराठी भाषकांचा संबंध जुना आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी दुर्ग आणि नागपूर ही दोन्ही नगरे एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी नागपूर हीच होती. पुनर्रचनेनंतर नागपूर एका राज्यात व दुर्ग दुसऱ्या राज्यात गेले; १ नोव्हेंबर २००० पासून दुर्ग व भिलाई छत्तीसगड राज्यात मोडतात. राज्ये बदलली, तथापि नातीगोती बदलली नाहीत. मुंबई-हावडा लोहमार्गाच्या या टोकाला आईवडील आणि त्या टोकाला मुलगा वा मुलगी, अशी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे दूरध्वनी.

परंतु हा दुवा घराच्या उंबरठ्यापाशी येऊन तुटावा, असा अनुभव अनेकांना येतो. अंगणात वा गच्चीवर उत्तम चालणारा मोबाइल फोन आतल्या खोलीत गेल्यावर मुका होतो. धडधाकट माणूस फोन हाती घेऊन बाहेर धावतो. परंतु अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाने काय करावे? रात्री एकाएकी वैद्याला बोलवावे लागले तर? या अडचणीवर विज्ञानाने एक साधा उपाय काढला आहे. ज्या घरात इंटरनेटची जोडणी व वाय-फाय आहे, त्या घरात मोबाइल फोनचे नेहमीचेच संभाषण वाय-फायच्या वाटेने करता येते. यालाच ‘वाय-फाय कॉलिंग’ म्हणतात. हे कसे घडते आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या सेवेत ते कसे सुरू करावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

भिंत आणि लहर

मोबाइल फोन आणि मनोरा यांच्यातील संदेश विद्युतचुंबकीय लहरींच्या द्वारे जातात. प्रकाशही अशीच लहर आहे. भेद आहे तो लांबीचा. लहरींचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर असतो. या वेगाला कंपनसंख्येने भागले असता लहरीची लांबी मिळते. ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, १८०० मेगाहर्ट्‌झची सुमारे १७ सेंटिमीटर आणि २३०० मेगाहर्ट्‌झची सुमारे १३ सेंटिमीटर भरते. आपल्या देशात मोबाइल सेवेसाठी या सर्व पट्ट्यांचा उपयोग होतो. सर्वसाधारण नियम असा की, लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीतून पलीकडे जाताना अधिक क्षीण होते.

विटांच्या भिंतीतून लहर बऱ्यापैकी आरपार जाते. सिमेंट काँक्रीट मात्र तिला जड जाते. काँक्रीटमध्ये लोखंडी सळयांची जाळी असल्यास अडथळा आणखी वाढतो, कारण धातू विद्युतचुंबकीय लहरींना परतवून लावतो. ज्या पोलादासाठी भिलाई प्रसिद्ध आहे तेच पोलाद छताला आधार देते आणि तेच फोनच्या लहरीची वाटही अडविते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ही हानी मोजण्याचे एकक म्हणजे डेसिबेल. दहा डेसिबेलची हानी झाली म्हणजे लहरीची शक्ती एक-दशांश उरते. वीस डेसिबेलची झाली म्हणजे एक-शतांश. एका भिंतीने दहा डेसिबेल खाल्ले असे धरले, तर अशा दोन भिंतींपलीकडच्या खोलीत शंभरातील एकच भाग पोचेल आणि तीन भिंतींपलीकडे हजारातील एक.

येथे आणखी एक बाब आहे. मनोरा बलवान असतो. त्याचा आवाज क्षीण होऊनही फोनला ऐकू येऊ शकतो. फोन मात्र दुर्बळ आहे. ४जी पद्धतीत फोनची प्रक्षेपणशक्ती जास्तीत जास्त एका वॅटच्या पंचमांशाच्या आसपास असते. त्यामुळे कित्येकदा फोनच्या पडद्यावर एखाददुसरी रेघ दिसत असूनही बोलणे होत नाही. मनोऱ्याची हाक फोनला ऐकू येते, पण फोनची हाक मनोऱ्यापर्यंत पोचत नाही. शिवाय ती पोचविण्याच्या प्रयत्नात फोन आपली सारी शक्ती पणाला लावतो आणि त्याची बॅटरी लवकर उतरते.

घरातील दुसरी वाट

वाय-फायच्या लहरीही भिंतींना भितातच. त्या २४०० मेगाहर्ट्‌झच्या किंवा ५००० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, म्हणजे सुमारे साडेबारा किंवा सहा सेंटिमीटर लांबीच्या असतात. परंतु त्यांना फार दूर जावयाचे नसते. मनोरा शेकडो मीटर अंतरावर असतो, तर वाय-फायचा राउटर त्याच घरात पाच-दहा मीटरवर असतो. राउटरच्या पुढचा प्रवास लहरीने नव्हे, तर तारेने किंवा काचतंतूने होतो. त्याला भिंतीची बाधा नाही. विहीर दूर असली तरी नळ घरात आणता येतो, तसाच हा प्रकार आहे.

आता या वाटेने आवाज कसा जातो ते पाहू. आपण बोलतो तेव्हा हवेत दाबाची आंदोलने उत्पन्न होतात. फोनमधील ध्वनिग्राहक त्यांचे विद्युतप्रवाहात रूपांतर करतो आणि हा प्रवाह सेकंदाला १६,००० वेळा मोजला जातो. मिळालेल्या आकड्यांची रास प्रचंड होते. म्हणून मानवी आवाजाचे गुणधर्म ध्यानी घेऊन ती संक्षिप्त केली जाते. जुन्या दूरध्वनीत ३०० ते ३,४०० हर्ट्‌झपर्यंतचाच ध्वनी जात असे; म्हणून ‘स’ आणि ‘फ’ यांसारख्या वर्णांत घोटाळा होई. नव्या पद्धतीत हा पट्टा ५० ते ७,००० हर्ट्‌झपर्यंत रुंदावला आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोन व जाळी ही पद्धत वापरीत असल्यास आवाज अधिक स्वच्छ येतो.

संक्षिप्त केलेला आवाज एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या तुकड्यांत कापला जातो. प्रत्येक तुकडा जणू एका लिफाफ्यात घातला जातो. त्यावर पत्ता व क्रमांक असतो. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याचे पन्नास लिफाफे झाले. दुसऱ्या टोकाला ते क्रमाने उघडून पुन्हा ध्वनी निर्माण केला जातो. लिफाफ्यांचे ओझे धरूनही दोन्ही बाजूंचे मिळून एका मिनिटाच्या संभाषणास सुमारे एक मेगाबाइट पुरतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : या कामाला अतिवेगवान इंटरनेट लागत नाही; लागते ते नियमित इंटरनेट. लिफाफे हळू येत असोत, पण सारख्या अंतराने यावेत. बोललेला शब्द दुसऱ्या टोकास पोचण्यास सेकंदाच्या सुमारे सातव्या भागाहून अधिक विलंब लागला, की दोन माणसे एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. घरात दुसरे कोणी त्याच जोडणीवर मोठा चित्रपट उतरवून घेत असेल, तर संभाषण तुटक होते, त्याचे कारण हेच.

सिमची ओळख आणि बंद बोगदा

येथे एक शंका उपस्थित होण्याचा संभव आहे. इंटरनेटवरून बोलण्याची सोय तर व्हॉट्सॲपसारख्या साधनांनीही होते. मग यात नवे ते काय? भेद असा की, तेथे दोन्ही माणसांजवळ तेच साधन असावे लागते. वाय-फाय कॉलिंगमध्ये आपला नेहमीचाच क्रमांक वापरला जातो आणि समोरच्या माणसाजवळ साधा बटणांचा फोन किंवा घरगुती तारेचा दूरध्वनी असला तरी चालते. आपण मनोऱ्यावरून बोलत आहो की वाय-फायवरून, हे त्याला कळतही नाही.

हे शक्य होते ते सिममुळे. प्रत्येक सिममध्ये कमाल पंधरा अंकांचा एक ओळखक्रमांक असतो. त्यातील पहिले तीन अंक देशाचे असतात. भारतासाठी ४०४ व ४०५ हे ठरलेले आहेत. त्यापुढील अंक कंपनीचे व मंडळाचे. वाय-फायशी जोडला गेलेला फोन हे अंक वाचतो आणि त्यांवरून आपल्या कंपनीच्या प्रवेशद्वाराचा इंटरनेटवरील पत्ता तयार करतो. मग त्या द्वारापाशी जाऊन तो प्रवेश मागतो.

द्वारपाल लगेच आत घेत नाही. तो एक यादृच्छिक संख्या पाठवितो. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तिचीच प्रत कंपनीजवळ असते. ती कधीही उघड्यावर पाठविली जात नाही. सिम त्या किल्लीच्या साहाय्याने संख्येवर गणित करून उत्तर देते. उत्तर जुळले की ओळख पटते. त्याच वेळी फोनही समोरचे द्वार खरोखर आपल्याच कंपनीचे आहे की नाही हे पडताळून पाहतो. उभयतांची खात्री झाली म्हणजे फोन व द्वार यांच्यामध्ये जणू एक बंद बोगदा तयार होतो. त्यातून जाणारे सारे लिफाफे सांकेतिक लिपीत असतात. म्हणून शेजाऱ्याच्या वा ग्रंथालयाच्या वाय-फायवरून बोलले तरी राउटरच्या मालकाला बोलणे ऐकता येत नाही.

बोलता बोलता माणूस घराबाहेर पडला तर? कंपनीच्या केंद्रात संभाषणाचा दोर एकाच ठिकाणी बांधलेला असतो. फोन वाय-फाय सोडून ४जी वा ५जी मनोऱ्याला धरतो आणि संभाषण सहसा अखंड राहते. मात्र बाहेर तशी सेवा पोचत नसेल, तर ते तुटते.

कंपन्यांची निरनिराळी वाटचाल

भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू व दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्यात झाले. त्यानंतर सुमारे दोन तपांनी वाय-फायची वाट खुली झाली. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली परिसरात प्रारंभ केला. जिओने जानेवारी २०२० मध्ये देशभर सेवा दिली. व्होडाफोन-आयडिया, म्हणजे आजची ‘व्ही’, हिने डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र-गोवा आणि कोलकाता या मंडळांपासून आरंभ केला. सरकारी भारत संचार निगमच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले आणि वाय-फाय कॉलिंग तिने २०२६ च्या आरंभी देशभर उपलब्ध करून दिले.

दूरसंचाराच्या नकाशात नागपूर ‘महाराष्ट्र व गोवा’ या मंडळात येते, तर भिलाई ‘मध्य प्रदेश व छत्तीसगड’ या मंडळात. एकाच कंपनीची सेवा एका मंडळात आधी व दुसऱ्या मंडळात नंतर सुरू झाल्याने नागपूरच्या भावाच्या फोनवर जे चिन्ह दिसे, ते भिलाईच्या बहिणीच्या फोनवर दिसत नसे. दोष फोनचा नव्हता, मंडळाचा होता.

दुसरे कारण फोनच्या घडणीत आहे. प्रत्येक कंपनीचे द्वार थोड्या निराळ्या नियमांनी चालते. हे नियम फोनच्या प्रणालीत आधीच भरलेले असावे लागतात आणि फोनच्या प्रत्येक नमुन्याची चाचणी घेऊन कंपनी त्याला मान्यता देते. त्यामुळे एकच फोन एका कंपनीच्या सिमवर वाय-फायवरून बोलतो व दुसऱ्या कंपनीच्या सिमवर बोलत नाही, असे घडू शकते. नवा फोन घेण्यापूर्वी आपल्या कंपनीच्या मान्य फोनांच्या यादीत त्याचे नाव पाहणे म्हणूनच हिताचे.

मांडणी कशी करावी?

प्रथम फोनची प्रणाली अद्ययावत करावी आणि सिम ४जी वा ५जी सेवेचे आहे याची खात्री करावी. जुने सिम असल्यास ते कंपनीच्या कार्यालयातून बदलून घ्यावे. मग ‘सेटिंग्ज’ उघडून मोबाइल जाळ्याच्या विभागात जावे आणि ‘व्होल्टी’ म्हणजे ४जी वरून संभाषणाची सोय चालू आहे ना, ते पाहावे. पुष्कळ फोनांत ती चालू असल्यावाचून पुढची सोय मिळत नाही.

त्यानंतर ‘वाय-फाय कॉलिंग’ ही कळ शोधावी. अँड्रॉइड फोनमध्ये ती बहुधा सिमच्या पानावर असते. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘कनेक्शन्स’ या विभागात सापडते. काही फोनांत तिचे नाव ‘वाय-फाय वापरून कॉल करा’ अशा अर्थाचे असते. आयफोनमध्ये ती मोबाइल सेवेच्या विभागात आहे. न सापडल्यास ‘सेटिंग्ज’च्या माथ्यावरील शोधचौकटीत ‘वाय-फाय कॉलिंग’ असे लिहावे. फोनमध्ये दोन सिम असतील, तर प्रत्येकासाठी ही कळ स्वतंत्रपणे दाबावी लागते. एकाची केली व दुसऱ्याची विसरली, ही नेहमीची चूक आहे. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलली असेल, तर नव्या सिमवर मांडणी पुन्हा तपासावी.

काही फोन ‘मोबाइल जाळे पसंत’ की ‘वाय-फाय पसंत’ असे विचारतात. ज्या घरात मनोऱ्याची लहर पोचत नाही, तेथे दुसरा पर्याय निवडावा. शेवटी परीक्षा घ्यावी : फोन विमान-अवस्थेत टाकावा, म्हणजे मनोऱ्याशी त्याचा संबंध तुटेल, मग केवळ वाय-फाय पुन्हा चालू करावे. थोड्या वेळाने पडद्याच्या माथ्यावर वाय-फाय कॉलिंगचे चिन्ह दिसले आणि फोन लागला, की मांडणी बरोबर झाली.

चिन्ह न दिसल्यास कारण तीनपैकी एका ठिकाणी असते : फोन, कंपनी किंवा राउटर. दुसऱ्या घरच्या वाय-फायवर चिन्ह दिसत असेल, तर आपला राउटर दोषी. काही राउटर, विशेषतः कार्यालये व वसतिगृहे यांतील, वर सांगितलेला बंद बोगदा बांधू देत नाहीत. व्यवस्थापकाला सांगून तो मार्ग खुला करवून घ्यावा लागतो. कोणत्याच वाय-फायवर चिन्ह दिसत नसेल, तर दुसऱ्याचे त्याच कंपनीचे सिम आपल्या फोनमध्ये घालून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, ही प्रयोगशाळेतील रीत येथेही उपयोगी पडते.

मर्यादा आणि सावधगिरी

या सेवेसाठी कंपन्या सामान्यतः वेगळा आकार घेत नाहीत; संभाषण नेहमीच्या योजनेतच मोजले जाते. परदेशातील वाय-फायवरून भारतीय सिम वापरण्याचे नियम मात्र प्रत्येक कंपनीचे व योजनेचे निराळे असतात. ते आधी विचारून घ्यावे.

अधिक महत्त्वाची गोष्ट विजेची. मोबाइल फोनला स्वतःची बॅटरी असते. राउटर मात्र घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की वाय-फाय जाते आणि त्याबरोबर ही वाटही बंद होते. ज्या घरात आजारी वा वृद्ध माणूस आहे, तेथे राउटरला छोटी बॅटरी जोडून ठेवणे ही चैन नव्हे, गरज आहे.

दुसरी सूचना आणीबाणीविषयी. ११२ या क्रमांकावर फोन केला असता मनोऱ्यावरून माणसाच्या ठिकाणाचा अंदाज करता येतो. वाय-फायच्या वाटेने आलेल्या हाकेमागे असा मनोरा नसतो. म्हणूनच अमेरिकेत ही सोय सुरू करताना ग्राहकाला आपला पत्ता नोंदवावा लागतो. आपल्याकडे संकटकाळी शक्य असल्यास मनोऱ्याच्या वाटेनेच फोन करावा आणि वाट कोणतीही असो, बोलण्याच्या आरंभीच वसाहत, रस्ता व घरक्रमांक स्पष्ट सांगावा. घरातील मुलांना हे पाठ असावे.

शाळेसाठी एक प्रयोग

झाकण घट्ट बसणारा पोलादी डबा घ्यावा. मोबाइल फोनचे वाय-फाय बंद करून तो डब्यात ठेवावा, झाकण लावावे आणि दुसऱ्या फोनवरून त्याला फोन करावा. बहुधा तो लागणार नाही. लागलाच, तर झाकणाच्या कडेच्या फटीतून लहर शिरली असे समजावे. मग झाकण थोडथोडे उघडून फोन केव्हा वाजू लागतो ते पाहावे. हाच प्रयोग मातीच्या मडक्यात, लाकडी पेटीत व काचेच्या बरणीत करून निकालांचा तक्ता मांडावा. त्यानंतर वर्गातील प्रत्येकाने आपल्या घराचा नकाशा काढून कोणत्या खोलीत फोनच्या किती रेघा दिसतात ते त्यावर लिहावे आणि भिंती कशाच्या आहेत तेही नोंदवावे.

हा नकाशा नुसता अभ्यासापुरता राहू नये. ज्या खोलीत एकही रेघ नाही आणि जेथे आजी वा आजोबा झोपतात, त्या खोलीत वाय-फाय पोचते की नाही ते पाहावे, राउटरची जागा बदलावी आणि त्यांच्या फोनमधील ती एक कळ चालू करून द्यावी.